एका रेंजराचें दप्तर

शाळेचें वार्षिक निघावयाचें ठरलें कीं आमच्या मेजावर विद्यार्थ्यांचे लेख येऊन पडूं लागतात, आणि त्यांत चरित्रलेखांची संख्या नेहमींच मोठी असते. राजे, सेनापति, कवि, शास्त्रज्ञ ह्यांच्याविषयीं मुलें मोठ्या हौसेनें लिहितात, व तें योग्यही आहे. परंतु ह्या खेपेस आम्हीं स्वतःच एक चरित्र लिहावयाचें मनांत आणिलें असून, ज्याच्याविषयीं लिहावयाचें तो गृहस्थ ह्यांपैकीं कोणीच नव्हता. तो जंगलखात्यांतील एक रेंजर होता. त्याच्या नोकरीचे कागद आणि त्याच्या घरचे कागद अशीं जणूं दोन दप्तरें मागें राहिलीं. तीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं असतां जें दिसतें तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच आमचा हेतु आहे.

हा विषय सुचण्यास एक घरगुती कारण घडलें. गेल्या वैशाखांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत समाचारासाठीं जाण्याचा प्रसंग आला. घरांतील आजोबा वारले होते. त्यांची सारी हयात जंगलखात्यांत गेली होती, आणि माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक असे, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं सहज विचारिलें, “ट्रंकेंत काय होतें हो?” चिरंजीव म्हणाले, “कांहीं नाहीं मास्तर, जुन्या डायऱ्या होत्या. रद्दींत घातल्या. दहा किलोंच्या वर भरल्या.” बोलणारास त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं, आणि आम्हांसही त्या वेळीं कांहीं बोलतां आलें नाहीं. परंतु परत येतांना तें वजन आमच्या मनांतून जाईना. दहा किलो म्हणजे किती दिवस, किती मैल चालणें, किती झाडें?

रेंजर हा शब्द आतां आपल्या खेड्यापाड्यांत मराठीच होऊन गेला आहे. सरकारी कागदांत त्यास वनक्षेत्रपाल म्हणतात. पण डोंगरांतला माणूस ‘रेंजरसाहेब’ असेंच म्हणतो. जंगलाचे भाग पाडून डिव्हिजन होतात, डिव्हिजनच्या रेंजी, रेंजीचे राउंड व राउंडाचे बीट. बीटावर गार्ड असतो, राउंडावर वनपाल आणि रेंजीवर रेंजर. वरचा अधिकारी नकाशा पाहतो, खालचा गार्ड झाड पाहतो. रेंजरास मात्र दोन्हीं पाहावीं लागतात. म्हणूनच त्याच्या कामाचा निम्मा भाग पायांचा असला तर निम्मा लेखणीचा असतो. कोणतें झाड तोडावयाचें तें ठरवून त्यावर लोखंडी हातोड्याचा सरकारी ठसा मारणें, लांकडाच्या वाहतुकीचे पास देणें, चराईच्या परवानग्या, जाळरेषा केव्हां साफ केल्या त्याची नोंद, वणवा कोठें लागला, किती क्षेत्र जळलें, विझविण्यास किती माणसें होतीं ह्यांचा तपशील, हें सारें त्यास लिहावें लागतें. (जाळरेषा म्हणजे जंगलांत मुद्दाम मोकळा ठेविलेला पट्टा. त्यांतील पालापाचोळा उन्हाळ्यापूर्वींच जाळून वा काढून टाकितात, म्हणजे पुढें येणाऱ्या वणव्यास खावयास कांहीं उरत नाहीं.) ह्याशिवाय रोजची डायरी. आज कोठून कोठें गेलों, काय पाहिलें, काय केलें. ज्यानें ती पद्धत प्रथम घातली त्यानें फार दूरवर पाहिलें होतें, असें आम्हांस वाटतें.

ही पद्धत आपल्याकडे कशी रुजली तें थोडक्यांत सांगूं, कारण आमच्या कथानायकाच्या देशाशीं तिचा संबंध आहे. मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं अलेक्झांडर गिब्सन नांवाच्या डॉक्टरास जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमण्यांत आलें. पुण्याजवळील दापोडीची वनस्पतींची बाग त्याच्याकडेच होती. पुढें डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ पासून ब्रह्मदेशांतील पेगूच्या सागवानी जंगलांची व्यवस्था पाहूं लागला, आणि १८६४ सालीं त्याला सबंध हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल केलें गेलें. रेंजर तयार करण्यासाठीं डेहराडून येथें १८७८ सालीं शाळा निघाली ती त्याच्याच खटपटीनें. सेवानिवृत्त होऊन तो जर्मनींत बॉन शहरीं राहावयास गेला असतां गिफर्ड पिंशो नांवाचा एक तरुण अमेरिकन १८८९ सालीं त्याच्या भेटीस आला. वनविद्या शिकावयाची तर कोठें शिकावी, हा त्याचा प्रश्न होता. ब्रँडिसनें त्यास फ्रान्समधील नान्सीच्या विद्यालयांत पाठविलें आणि पुढेंही पत्रांनीं मार्ग दाखविला. हाच पिंशो १९०५ सालीं अमेरिकेच्या नव्या वनखात्याचा पहिला मुख्य झाला. ब्रह्मदेशांतल्या सागवानाखालीं शिकलेली विद्या अशी बॉनमार्गें अमेरिकेच्या देवदार-पाइनच्या रानांत गेली. आमच्या मुलांस भूगोल आणि इतिहास हे दोन निराळे तास वाटतात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

पिंशोनें आपल्या रेंजरांच्या हातीं ‘यूज बुक’ नांवाची, खिशांत मावेल एवढी नियमांची पुस्तिका दिली. रेंजर कसा असावा हें त्या काळच्या परीक्षेवरून कळतें. लेखी प्रश्न असतच; पण त्याशिवाय घोड्यावर बसणें, खेंचरावर सामान बांधणें, जमीन मोजणें, झाड पाडणें हेंही करून दाखवावें लागे. घोडा ज्याचा त्यानें बाळगावयाचा, आणि त्याचा दाणावैरणीचा खर्चही ज्याचा त्यानेंच सोसावयाचा. डायरी लिहिणें सक्तीचें. अशा ह्या नोकरींत १९०८ सालीं एडवर्ड पुलास्की नांवाचा मनुष्य दाखल झाला. तोच आमचा कथानायक.

त्याच्या बरोबरीचे रेंजर बहुधा विशी-पंचविशीचे असत. पुलास्कीची चाळिशी आली होती. जन्म ओहायो संस्थानांत. लहानपणींच घर सोडून तो पश्चिमेस गेला. तिकडे त्यानें खाणींत काम केलें, गुरांच्या कुरणांवर देखरेख केली, सुतारकी केली, लोहारकी केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत प्राण वेंचलेल्या काझिमिर पुलास्की ह्या पोलिश सरदाराच्या कुळांतला तो, असें लोक सांगत. त्या सरदाराचें लग्नच झालें नव्हतें, तेव्हां थेट वंशज म्हणणें कठीण. पण दूरच्या नात्याचा अभिमान धरण्यास कोण कोणास अडवितो? आमच्या दृष्टीनें त्याची खरी मिळकत निराळी होती. आयडाहो संस्थानांतील वॉलेस ह्या खाणींच्या गांवाभोंवतालचा डोंगरन् डोंगर त्याच्या पायांखालून गेलेला होता. चांदी आणि शिसें शोधतांना कोणीं कोठें भुयार खणलें आणि कोठें अर्धवट टाकून दिलें, हें त्याच्या डोक्यांत नकाशासारखें बसलें होतें. नोकरीच्या अर्जांत अशा ज्ञानासाठीं रकाना नसतो.

आतां १९१० सालाकडे वळूं. त्या वर्षीं आयडाहो आणि माँटाना ह्या संस्थानांत वसंत ऋतूपासूनच पावसानें पाठ फिरविली होती. जुलईंत कोरडी वीज पडून आगी लागल्या. आगगाडीच्या इंजिनांच्या ठिणग्यांनीं त्यांत भर घातली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंकडों लहानमोठ्या आगी डोंगरांत धुमसत होत्या. विझविण्यास माणसें अपुरीं पडलीं म्हणून खात्यानें मिळेल त्यास कामावर घेतलें. खाणीवाले, लांकूडतोडे, रेल्वेचे मजूर, नुकतेच परदेशांतून आलेले व इंग्रजीचा एक शब्दही न समजणारे लोक, असे सारे त्यांत होते. मजुरी तासास पंचवीस सेंट. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट ह्यांनीं लष्करही पाठविलें. त्यांत पंचविसाव्या पायदळ पलटणींतील काळे शिपाई होते, आणि त्यांनीं त्या दिवसांत फार मोलाचें काम केलें.

शनिवार, २० ऑगस्ट रोजीं दुपारनंतर नैर्ऋत्येकडून प्रचंड वारा सुटला. धुमसणाऱ्या आगी एकमेकींस मिळाल्या आणि झाडांच्या शेंड्यांवरून धावूं लागल्या. तो दिवस व दुसरा दिवस मिळून सुमारें ३० लाख एकर जंगलाची राख झाली. हा आंकडा ऐकून मुलांच्या डोळ्यांपुढें कांहींच येत नाहीं असा आमचा अनुभव आहे, म्हणून असें सांगतों कीं आपला सबंध सातारा जिल्हा त्यांत बसला असतां व वर जागा उरली असती. कमींत कमी ८५ माणसें मेलीं, आणि त्यांत बहुतेक आग विझविणारेच होते. वॉलेस गांवाचा सुमारें तिसरा हिस्सा जळाला.

पुलास्की त्या दिवशीं शिधासामुग्रीसाठीं गांवांत आलेला होता. पत्नी एमा आणि लहान दत्तक कन्या एल्सी ह्यांना, गांवाचा भरंवसा धरूं नका, असें सांगून तो पुन्हां डोंगरांत गेला. तेथें त्याच्या हाताखालचीं माणसें विखुरलेलीं होतीं. त्यांतील सुमारें पंचेचाळीस त्यानें एकत्र केलीं. सभोंवार धूर एवढा कीं दिवसाउजेडीं रात्र झाली. चालण्याचें त्राण नसलेल्या एका वृद्धास त्यानें स्वतःचा घोडा दिला. गांवाकडची वाट आगीनें बंद झाली होती. तेव्हां त्याला आठवलें तें जुनें निकल्सन भुयार. प्लेसर क्रीक नांवाच्या ओढ्याच्या पश्चिमेकडील फांट्यावर, वॉलेसच्या दक्षिणेस कांहीं मैलांवर तें होतें.

सर्वांस, आणि दोन घोड्यांसही, त्यानें आंत घातलें, आणि जमिनीवर पालथें पडून तोंड मातीशीं ठेवावें असें बजाविलें. हें कां, तें आमच्या विज्ञानाच्या वर्गांतील मुलें सांगूं शकतील: तापलेला वायु व धूर वर चढतो, आणि श्वास घेण्याजोगी हवा असलीच तर ती तळाशीं उरते. थोड्याच वेळांत भुयाराच्या तोंडाशीं असलेल्या लांकडी टेकूंनीं पेट घेतला. पुलास्कीनें भुयारांतील पाण्यांत कांबळीं भिजवून तीं तोंडाशीं टांगिलीं. तीं जळालीं कीं दुसरीं टांगावयाचीं, आणि टोपींत पाणी भरभरून टेकूंवर फेंकावयाचें, असा त्याचा क्रम चालला. आंत कोणी रडत होते, कोणी प्रार्थना करीत होते. एकाचा धीर सुटला आणि तो बाहेर धावूं लागला, तेव्हां पुलास्कीनें कमरेचें पिस्तूल काढून, जो बाहेर पाऊल टाकील त्यास आपण गोळी घालूं, असें सर्वांस ठणकावून सांगितलें. बाहेर पडणें म्हणजे मरण हें त्याला दिसत होतें. त्यांना दिसत नव्हतें. शेवटीं तो स्वतःही धुरानें बेशुद्ध पडला.

पहाटे पांचच्या सुमारास आंतल्या माणसांस शुद्ध येऊं लागली. भुयाराच्या तोंडाशीं पडलेला देह पाहून, साहेब गेला, असें कोणीसें म्हणालें. तेव्हां त्या देहानेंच, आपण अजून गेलों नाहीं, अशा अर्थाचें जोरकस उत्तर दिलें. (मूळ शब्द शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगे नाहींत.) मोजदाद झाली तेव्हां आंत पांच माणसें मरण पावलेलीं आढळलीं. दोन्ही घोडेही गेले होते. बाकीचे, फाटक्या कपड्यांनीं व जळक्या बुटांनीं, तापलेल्या राखेंतून गांवाकडे चालूं लागले. पुलास्कीला दिसत नव्हतें.

इथपर्यंतची हकीकत कोणत्याही शूरकथेच्या पुस्तकांत सांपडेल. आम्हांस पुढचें अधिक महत्त्वाचें वाटतें.

एक दप्तर सरकारी. वनखात्याचे त्या काळचे अहवाल व पत्रव्यवहार अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत व खात्याच्या कचेऱ्यांत जपून ठेविलेले आहेत. त्यांत आगीचें क्षेत्र आहे, खर्च आहे, मृतांची संख्या आहे, आणि पुलास्कीचा वरिष्ठ सुपरवायझर वायगल ह्यानें त्याच्याविषयीं लिहिलेली प्रशंसाही आहे. परंतु त्याच दप्तरांत दुसरीही एक गोष्ट दिसते. पुलास्कीच्या डोळ्यांस व फुप्फुसांस झालेली इजा कायमची होती. न्युमोनिया झाला, एका डोळ्याची दृष्टि जवळजवळ गेली, आणि उपचाराचा भार बहुतेक त्याच्याच खिशावर पडला. सरकारकडून भरपाई मिळाली नाहीं. शौर्याबद्दल पदकें देणारा कार्नेगी ह्यांचा प्रसिद्ध निधि होता. त्याच्याकडे शिफारस गेली, परंतु पदक मिळालें नाहीं. अधू डोळ्यांनीं तो पुन्हां घोड्यावर बसला आणि १९३० पर्यंत, म्हणजे आगीनंतर आणखी सुमारें वीस वर्षें, तीच नोकरी करीत राहिला. १९३१ सालीं तो वारला.

दुसरें दप्तर घरचें. १९२३ सालीं एका अमेरिकन वनविषयक मासिकांत, रेंजराच्या आयुष्यांतील सर्वांत रोमांचक प्रसंग कोणता, ह्या विषयावर त्याचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याबद्दल त्याला पारितोषिक मिळालें. तेरा वर्षें गेल्यावर त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेली हीच ती हकीकत. लेखाची भाषा लोहाराच्या भाषेसारखी आहे: ज्या खिळ्यावर घाव घालावयाचा त्यावर घालावा आणि पुढें जावें. पिस्तुलाचा प्रसंग तो लिहितो, पण त्याची बढाई मारीत नाहीं. आपण शूर होतों असें तो कोठेंच म्हणत नाहीं. त्या माणसांची जबाबदारी आपल्यावर होती, एवढाच त्याचा सूर आहे.

एमाबाईंनींही आपली आठवण लिहून ठेविली, आणि खरें सांगावयाचें तर ती वाचल्यावांचून ही गोष्ट पुरी होत नाहीं. गांव पेटलें त्या रात्रीं त्या मुलीस घेऊन बाहेर पडल्या आणि खाणींतून निघालेल्या निर्जीव रेतीच्या ढिगावर जाऊन बसल्या, कारण तेथें जळण्याजोगें कांहीं नव्हतें. नवरा जिवंत आहे कीं नाहीं ह्याची खबर नव्हती. सकाळीं तो आला तो दुसऱ्याच्या आधारानें, भाजलेल्या हातांनीं आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनीं. खात्याच्या अहवालांत ‘वॉलेसचा तिसरा हिस्सा जळाला’ हें वाक्य आहे. त्या वाक्याच्या आंत एक बाई मुलीस पोटाशीं धरून रेतीवर बसलेली आहे, हें अहवाल कसें सांगणार? आणि उलटही तितकेंच खरें आहे. केवळ एमाबाईंची आठवण हातीं असती तर ३० लाख एकर आपणांस कळले नसते. दोन्हीं दप्तरें हवींत. एकानें दुसऱ्याची चूक काढावी आणि दुसऱ्यानें पहिल्याचें पोकळपण भरावें, तेव्हां कोठें इतिहास उभा राहतो.

कागदाशिवाय एक तिसरी नोंदही ह्या माणसानें मागें ठेविली, आणि ती लोखंडाची आहे. आग विझवितांना गड्यास एका हातीं कुऱ्हाड व दुसऱ्या हातीं कुदळ घेऊन डोंगर चढावा लागे, कारण झुडपें तोडावयाचीं आणि जमीन खरवडून उघडी मातीही करावयाची, अशीं दोन्हीं कामें असतात. पुलास्कीनें घरच्या भट्टींत दोन्हींची सांगड घातली: एका अंगास कुऱ्हाडीचें पातें आणि दुसऱ्या अंगास कुदळीसारखें आडवें, रुंद पातें, आणि दोहोंस मिळून एकच दांडा. तशा जातीचीं जोडहत्यारें त्यापूर्वींही कोणीं कोणीं करून पाहिलीं होतीं. परंतु वजन, तोल आणि पात्यांचा आकार नीट जमवून तें कामाचें केलें तें १९१० च्या आगीनंतर पुलास्कीनें. खात्यानें तें हळूहळू सर्वत्र स्वीकारिलें. आजही अमेरिकेंत व इतर अनेक देशांत वणवा विझविणारे त्यास ‘पुलास्की’ असेंच म्हणतात. तो मनुष्य होता हें त्यांतील कित्येकांस माहीतही नसेल. वॉलेसच्या खाण-संग्रहालयांत त्याच्या हातचें एक हत्यार आहे, आणि त्यावर ‘ई. पी.’ हीं दोन अक्षरें ठोकलेलीं आहेत. सही कागदावरच करावी लागते असें थोडेंच आहे?

आतां एक अवघड गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती गाळणें बरें नव्हे. १९१० च्या त्या दोन दिवसांचा अमेरिकेच्या वनखात्यावर एवढा धाक बसला कीं जंगलांतील प्रत्येक आग, मग ती कशीही लागलेली असो, ताबडतोब विझविलीच पाहिजे, असें धोरण पक्कें झालें. त्या भागाचा तेव्हांचा वरिष्ठ अधिकारी ग्रीली हा १९२० सालीं सबंध खात्याचा मुख्य झाला, आणि तो तो अनुभव बरोबर घेऊनच वर गेला. १९३५ सालीं तर असा नियम निघाला कीं आज दिसलेली आग उद्यां सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आली पाहिजे. हेतु चांगला होता. परंतु जंगलानेंही आपली एक डायरी ठेविलेली असते. जुन्या पाइन वृक्षाचें खोड आडवें कापलें असतां वर्षाला एक ह्याप्रमाणें वलयें दिसतात, आणि ज्या वर्षीं आग लागून गेली त्या वर्षाच्या वलयावर काळा व्रण असतो. हे व्रण मोजल्यावर असें आढळलें कीं पश्चिमेकडील अनेक जंगलांत लहानशा आगी ठराविक वर्षांनीं येतच असत, आणि त्या खालचें वाळकें जळण फस्त करून मोठीं झाडें शाबूत ठेवीत. त्या लहान आगीही बंद पाडिल्यामुळें जळण सांचत गेलें, आणि मग एखादी आग हाताबाहेर गेली कीं ती सगळेंच घेऊन जाऊं लागली. १९७० नंतरच्या दशकांत दहा वाजण्याचा नियम सोडण्यांत आला. माणसांच्या दप्तरावरून काढलेला निष्कर्ष झाडांच्या दप्तरानें असा दुरुस्त केला. आमच्या डोंगरांतील सागवानाचें रान आणि तिकडचें पाइनचें रान हीं एक नव्हेत, म्हणून कोणीं लगेच इकडे काडी लावण्याची परवानगी समजूं नये! आपल्याकडील वणवे बहुधा माणसानेंच लाविलेले असतात. कोणी मोहाचीं फुलें वेंचावयास जमीन स्वच्छ व्हावी म्हणून, कोणी गवत चांगलें यावें म्हणून, आणि कोणी केवळ विडी विझविण्याचा आळस म्हणून.

ज्यांचें दप्तरच नव्हतें त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस लेखणी खालीं ठेववत नाहीं. तासास पंचवीस सेंटांवर आलेल्या त्या मजुरांची नोंद म्हणजे हजेरीपटावरील एक ओळ. मेलेल्यांपैकीं कित्येकांची ओळख पटली नाहीं. कोठून आले, घरीं कोण होतें, कोणाला पत्र घालावयाचें, हें कोणासच ठाऊक नव्हतें. त्यांना वाट पाहणाऱ्या आया दूरदेशीं असतीलच. त्यांनीं किती वर्षें वाट पाहिली असेल? वॉलेसच्या दफनभूमींत जे पुरले गेले त्यांच्या थडग्यांकडे प्रथम कोणाचें फारसें लक्ष नव्हतें. पुलास्की तेथें जात असे. गवत काढणें, माती सारखी करणें हें तो स्वतः करी, आणि त्यांचें नीट स्मारक व्हावें म्हणून वरिष्ठांकडे तगादा लावी. स्वतःच्या डोळ्यांविषयींच्या अर्जापेक्षां ह्या मृतांविषयींचीं त्याचीं पत्रें आम्हांस अधिक बोलकीं वाटतात.

तें भुयार अजून आहे. १९८४ सालीं त्याची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत झाली, आणि ओढ्याच्या कडेकडेनें तेथवर पायवाट केलेली आहे. वॉलेसमधील शाळांचीं मुलें सहज चालत जाऊं शकतील एवढ्या अंतरावर तें आहे.

आमच्या ओळखीच्या त्या आजोबांच्या ट्रंकेविषयीं एक सांगावयाचें राहिलें. रद्दीवाल्याच्या हातून एक डायरी सुटली होती. तिचीं मागचीं पानें कोरीं म्हणून नातीनें ती गणितें सोडविण्यास घेतली होती. तिनें ती आम्हांस आणून दिली. पुढच्या पानांवर आजोबांचें बारीक, डावीकडे झुकलेलें अक्षर आहे. रोज चार ओळी: कोठें गेलों, किती चाललों, जाळरेषा किती झाली. मधेंच एका दिवशीं फक्त, ‘धाकटीस ताप. रात्रीं नाक्यावरून चालत घरीं. सकाळीं परत.’ ती धाकटी म्हणजे त्या नातीची आत्या. आत्याबाईंना आपल्या त्या तापाची आठवणही नव्हती. वडील त्या रात्रीं डोंगर उतरून आले होते हें त्यांस प्रथमच कळलें, आणि डायरी हातांत घेऊन त्या बराच वेळ गप्प बसून राहिल्या.

पालकांस व विद्यार्थ्यांस कळविण्यांत येतें कीं शाळेच्या ग्रंथालयांतील दुसऱ्या कपाटाचा खालचा कप्पा आम्हीं मोकळा करून ठेविला आहे. ज्यांच्या घरीं वडीलधाऱ्यांच्या नोकरीच्या डायऱ्या, हजेरीपट, हिशेबाच्या वह्या वा पत्रें असतील, आणि ठेवावयास जागा नसेल, त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां आम्हांस दाखवावींत. कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, कोणाचें लिहिलेलें, एवढें एका चिठीवर लिहून सोबत ठेवावें. फाटकें असलें तरी चालेल.